उपास नक्की किती वाजता सोडायचा?

साधारण इ.स. २६० च्या आसपासची गोष्ट. आजच्या लिबियाच्या किनाऱ्यावर तेव्हा पेंटापोलिस, म्हणजे 'पाच शहरं', नावाचा प्रदेश होता. तिथल्या बेसिलिडीस नावाच्या बिशपने अलेक्झांड्रियाच्या बिशपला, डायोनिसियसला, पत्र पाठवून एक शंका विचारली. ईस्टरच्या आधीचा उपास नक्की किती वाजता सोडायचा? आमच्यातले काही म्हणतात रविवारी पहाटे कोंबडा आरवल्यावर, काही म्हणतात शनिवारी संध्याकाळीच सोडावा. रोमचे लोक म्हणे कोंबड्यापर्यंत थांबतात, आपल्याकडचे त्याआधीच जेवतात. तर तुम्ही नेमका तास सांगा.

आता हा काळ बघा. २५० मध्ये डेशियस बादशहाने साम्राज्यातल्या सगळ्यांना देवतांपुढे बळी द्यायचं फर्मान काढलं होतं. २५७ मध्ये व्हॅलेरियनने पुन्हा छळ सुरू केला, आणि त्यात खुद्द डायोनिसियस हद्दपार झाला होता. जीव वाचला तर नशीब अशी परिस्थिती, आणि प्रश्न काय, तर उपास किती वाजता सोडू!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. पण थोडा विचार केला की कळतं, प्रश्न तसा रास्त आहे. उपास दुःखाचा, येशूच्या मृत्यूचा. तो संपतो पुनरुत्थानाच्या क्षणी. मग तो क्षण कुठला? डायोनिसियस उत्तरात चारही शुभवर्तमानं उघडून बसतो. मत्तय एक वेळ सांगतो, योहान म्हणतो अजून अंधार होता, लूक म्हणतो अगदी पहाट, मार्कच्या मते सूर्य उगवला होता. थडगं रिकामं सापडलं ती वेळ सगळे सांगतात, पण प्रत्यक्ष उठण्याचा तास कुणीच लिहिलेला नाही. म्हणजे स्पेसिफिकेशनमध्येच ती ओळ नाही, आणि क्लायंट विचारतोय नेमकं उत्तर.

आमच्या क्षेत्रात अशा वेळी कुणीतरी सीनियर माणूस एक आकडा ठोकून देतो आणि पुढची दहा वर्षं सगळे तोच आकडा पाळतात. डायोनिसियसने तसं केलं नाही. त्याचं म्हणणं साधारण असं: मध्यरात्रीच्या आधीच घाईने जेवणारे जरा ढिलेच म्हणायचे. रात्रीच्या चौथ्या प्रहरापर्यंत थांबणाऱ्यांचं कौतुक आहे. आणि मधेच कधीतरी, ज्याला जसं झेपलं तसा ज्याने सोडला, त्याला फार त्रास देऊ नका. पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो. ईस्टरच्या आधीचे सहा दिवस सगळे सारखे उपास करतच नाहीत. कुणी सहाही दिवस काढतं, कुणी दोन, कुणी तीन, कुणी चार, कुणी एकही नाही. जे खरंच सलग उपाशी राहून गळून गेलेत त्यांनी थोडं लवकर खाल्लं तर माफ आहे. पण चार दिवस मजेत जेवून, फक्त शुक्रवार-शनिवार उपास करून, वर पहाटेपर्यंत थांबलो म्हणून मिरवणारे? त्यांची बरोबरी पहिल्यांशी होत नाही, असं तो स्पष्ट लिहितो. (एकादशी आणि दुप्पट खाशी हा प्रकार आपलीच मक्तेदारी नाही तर!)

या पत्रामुळे मी या विषयात शिरलो आणि गेले काही वीकेंड त्यातच गेले. चर्चचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पोप, फतवे, एका आवाजात चालणारी भली मोठी संस्था असं काहीतरी येतं. उपासाच्या बाबतीत पहिली तीन-चारशे वर्षं तसं काही नव्हतंच. गावागणिक, कधी कधी माणसागणिक उपास वेगळा होता. आणि खरी भांडणं उपास करायचा की नाही यावर फारशी झालीच नाहीत. माझा उपास तुला का लागू नाही, यावर झाली.

सुरुवातीपासून बघू. येशू आणि त्याचे शिष्य ज्यू होते, आणि ज्यू धर्मात उपास होताच. योम किप्पुरचा मोठा वार्षिक उपास, दुष्काळात पावसासाठीचे सार्वजनिक उपास, आणि काही भाविक मंडळींचे आठवड्यातून दोन उपास. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात उभा राहून आपण आठवड्यातून दोनदा उपास करतो हे देवाला ऐकवणारा परुशी आहे, तो यातलाच. मार्कमध्ये लोक येशूला थेट विचारतात की योहानाचे शिष्य उपास करतात, परुश्यांचे करतात, तुझे का नाही करत? त्यावर येशू लग्नघराचं उदाहरण देतो. नवरदेव बरोबर असताना वऱ्हाडी कसे उपाशी राहतील? नवरदेवाला नेलं जाईल ते दिवस येतील, तेव्हा करतील उपास. पुढच्या सगळ्या वादांची बीजं या एका उत्तरात आहेत. कारण 'ते दिवस' म्हणजे नक्की कुठले?

एक उत्तर डिडाखे नावाच्या छोट्या पुस्तकात सापडतं. डिडाखे म्हणजे ग्रीकमध्ये 'शिकवण'. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेलं हे एक प्रकारचं मंडळीचं मॅन्युअल. कित्येक शतकं ते फक्त नावाने माहीत होतं. १८७३ मध्ये फिलोथेऑस ब्रायेनिओस या ग्रीक धर्मगुरूला कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका ग्रंथालयात १०५६ साली नकललेली त्याची प्रत मिळाली, आणि १८८३ मध्ये त्याने ती छापली. त्यात उपासाचा नियम आहे तो असा: ढोंगी लोकांच्या दिवशी उपास करू नका. ते सोमवारी आणि गुरुवारी करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा.

बस्स, एवढंच. कारण नाही, स्पष्टीकरण नाही. सोमवार आणि गुरुवार हे ज्यूंचे बाजाराचे आणि तोरा वाचनाचे वार होते, म्हणून भाविकांचे उपासही त्याच दिवशी. (सोमवार शंकराचा आणि गुरुवार दत्ताचा म्हणणाऱ्या आपल्या आज्यांची आठवण इथे येतेच. योगायोग आहे, पण गमतीचा.) नव्या मंडळींनी उपास तोच ठेवला, आठवड्यातून दोनदाच ठेवला, फक्त वार सरकवले. प्रोटोकॉल तोच, पोर्ट नंबर बदलला. एका घरातले भाऊ वेगळे होतात तेव्हा चूल वेगळी मांडतात, इथे चूल न पेटवायचा दिवस वेगळा झाला. नंतरच्या लेखकांनी याला अर्थ दिला: बुधवारी यहूदाने येशूला पकडून द्यायचा कट केला, शुक्रवारी येशूला क्रूसावर चढवलं. अर्थ सुंदर आहे, पण डिडाखेत तो नाही. तिथे नुसतं 'आपण ते नाही' एवढंच आहे. मला हे थोडं खटकतं. पण नवा गट स्वतःची ओळख बांधत असतो तेव्हा बहुधा असंच होतं.

त्याच पुस्तकात आणखी दोन बारीक उल्लेख आहेत. बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करायचा, आणि देणाऱ्यानेही करायचा, शिवाय ज्यांना जमेल त्या इतरांनी. आणि दुसरा: जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी उपास करा. शत्रूसाठी उपाशी राहायचं ही कल्पना मला तरी इतरत्र सहज आठवत नाही.

बुधवार-शुक्रवारच्या उपासाला लवकरच एक टोपणनाव पडलं: स्टेशन. लॅटिन 'स्टाटिओ', म्हणजे शिपायाचा पहारा. आठवड्यातून दोन दिवस पहाऱ्यावर उभं राहायचं. उपास चालायचा नवव्या तासापर्यंत. रोमन तास सूर्योदयापासून मोजत, म्हणजे आपले दुपारचे तीन. रोमन लोकांचं मुख्य जेवण तसंही साधारण त्याच सुमाराला सुरू व्हायचं, त्यामुळे व्यवहारात हा उपास म्हणजे दुपारपर्यंत पोटात काही नाही. आपल्या ऑफिसच्या भाषेत लंच स्किप. फार भयंकर नाही, पण हातावर पोट असलेल्या हमालाला किंवा गुलामाला तेवढंही जड गेलं असणार.

आता मला या सगळ्यात सर्वात आवडलेला भाग. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या माणसाने 'मेंढपाळ' नावाचं पुस्तक लिहिलं. हर्मास कधीकाळी गुलाम म्हणून विकला गेला होता, हे तो स्वतःच पहिल्या ओळीत सांगून टाकतो. पुस्तकात एक देवदूत मेंढपाळाच्या वेषात त्याला भेटत राहतो आणि शिकवत राहतो. एका सकाळी हर्मास डोंगरावर उपास करून बसलाय. मेंढपाळ येतो आणि विचारतो, इतक्या सकाळी इथे काय? हर्मास म्हणतो, स्टेशन आहे. (पुस्तक ग्रीकमध्ये, पण हा लॅटिन शब्द तसाच. आपण मराठीत 'मीटिंग आहे' म्हणतो तसं.) मेंढपाळ म्हणतो, स्टेशन म्हणजे काय? उपास. कसला उपास? नेहमी करतो तसाच. त्यावर मेंढपाळ त्याला सुनावतो की तुला देवासाठी उपास कसा करायचा तेच माहीत नाही.

मग खरा उपास कुठला? आधी वाईट कामं सोड, मन साफ ठेव वगैरे येतं, ते अपेक्षितच. पण त्यानंतर एक अत्यंत व्यवहारी सूचना आहे. उपासाच्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घे. त्या दिवशी तू एरवी जे खाल्लं असतंस त्याचा खर्च मोज. आणि तेवढी रक्कम बाजूला काढून एखाद्या विधवेला, अनाथाला किंवा गरजूला दे.

मोज. हा शब्द मला थांबवतो. 'सढळ हाताने दान करा' असं मोघम नाही, हिशोब करा असं आहे. तुमच्या पोटात जे गेलं नाही ते दुसऱ्याच्या पोटात जायला हवं, नाहीतर ती नुसती बचत झाली! आणि ही सूचना श्रीमंतांसाठीच होती असंही नाही. त्याच शतकात अथेन्सच्या अरिस्टायडीस नावाच्या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती लोकांच्या बचावाचा एक अर्ज रोमन बादशहाला उद्देशून लिहिला. त्यात तो सांगतो की यांच्यात कुणी गरीब असला आणि यांच्याकडे त्याला द्यायला जास्तीचं अन्न नसलं, तर हे लोक दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहतात आणि त्याचं पोट भरतात. इथे उपास ही पूजा नाहीच, वाटणी आहे. ताटात एकच भाकरी आहे, मग आज मी नाही खात.

या अर्जाची एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. त्याचं सिरियाक भाषेतलं भाषांतर १८८९ मध्ये रेंडेल हॅरिस या अभ्यासकाला सिनाई डोंगरातल्या सेंट कॅथरीन मठात सापडलं. तेव्हा लक्षात आलं की त्याचा ग्रीक मजकूर, थोडी काटछाट होऊन का होईना, शतकानुशतकं सगळ्यांच्या समोरच होता. 'बारलाम आणि योआसफ' नावाच्या एका लोकप्रिय ख्रिस्ती कथेत एका पात्राच्या तोंडी तो भाषण म्हणून घातलेला होता. आणि ही कथा म्हणजे कोण? राजवाडा सोडून निघालेल्या राजपुत्राची, म्हणजे आपल्या गौतम बुद्धाची, फिरत फिरत तिकडे पोचलेली गोष्ट. 'योआसफ' हे बोधिसत्त्वाचंच झिजलेलं रूप. असो. परत उपासाकडे.

तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत कार्थेजमध्ये टर्टुलियन होता. लॅटिनमध्ये लिहिणारा पहिला मोठा ख्रिस्ती लेखक, जिभेला धार, आणि वाद घालायची हौस दांडगी. आजच्या काळात असता तर रात्री दोन वाजता कमेंट टाकत बसला असता. त्याच्या आधीच्या एका पुस्तकात एक छान अडचण आहे. स्टेशनच्या दिवशी काही लोक प्रभुभोजनाला यायचे टाळत, कारण ती भाकरी तोंडात टाकली तर उपास मोडेल! टर्टुलियनने मार्ग काढला: या, भाकरी घ्या, घरी न्या, उपास सुटल्यावर खा. दोन्ही साधलं. इथपर्यंत तो समजूतदार वाटतो.

पण पुढे तो माँटॅनिस्ट पंथाकडे गेला. आशिया मायनरमधल्या फ्रिजियात, आजच्या तुर्कस्तानात, निघालेली ही चळवळ. तिच्या संदेष्ट्यांचं म्हणणं की पवित्र आत्मा अजूनही नव्या आज्ञा देतोय, आणि त्यात उपासाच्या आज्ञाही होत्या. स्टेशन तीनला न सोडता संध्याकाळपर्यंत न्यायचं. वर्षातून दोन आठवडे, शनिवार-रविवार सोडून, 'कोरडं खाणं' पाळायचं: मांस नाही, रस्सा नाही, रसाळ फळं नाहीत, वाइन नाही, आणि त्या काळात आंघोळही नाही. याला इतर ख्रिस्ती लोकांनी विरोध केला, आणि टर्टुलियनने त्यांच्याविरुद्ध एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्यासाठी त्याने शब्द वापरला 'सायकिकी', म्हणजे आत्म्याची जाण नसलेले, नुसते देहबुद्धीचे लोक.

या पुस्तकामुळे विरोधकांचं म्हणणंही आपल्यापर्यंत पोचतं. त्यांचं म्हणणं असं की सक्तीचा उपास फक्त नवरदेवाला नेलं त्या दिवसांचा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. बाकी सगळे उपास ज्याच्या त्याच्या इच्छेवर, गरजेवर, हुकमावर नाही. तुम्ही नवे कायदे करताय. टर्टुलियन उलट विचारतो की तुमचे बिशपही अधूनमधून सगळ्यांना उपास सांगतातच की, मग आमच्यावरच राग का? मुद्दा चूक नाही. पण मग त्याचा तोल जातो. तो म्हणतो, तारणाचा दरवाजा अरुंद आहे, बारीक माणूस त्यातून सहज आत जाईल. धष्टपुष्ट ख्रिस्ती माणूस देवापेक्षा सिंह-अस्वलांच्याच कामाचा. प्रिस्टिनस नावाच्या एका हुतात्म्याला मित्रांनी तुरुंगात इतकं खाऊ-पिऊ घातलं की अधिकाऱ्यापुढे त्याला धड बोलता येईना, हेही तो चवीने सांगतो. मेलेल्या माणसाची, तीही श्रद्धेसाठी मेलेल्या, अशी थट्टा करायला कडक उपासानंतर मन किती कोरडं झालं असेल, असा विचार वाचताना डोकावून जातो.

याच्या उलट टोकाला इरेनियस. हा लियाँचा, म्हणजे आजच्या फ्रान्समधला बिशप, पण मूळचा आशिया मायनरचा. १९० च्या दशकात मोठं भांडण पेटलं. आशिया मायनरचे ख्रिस्ती ज्यू पंचांगाच्या निसान महिन्याच्या १४ तारखेला उपास सोडत, मग वार कुठलाही असो. रोम आणि बाकीचे रविवारीच सोडत. म्हणजे एकाच शहरात एका घरात उपास तर शेजारी सण. रोमचा बिशप व्हिक्टर वैतागला आणि त्याने आशियातल्या सगळ्या मंडळ्यांशी संबंध तोडायचं ठरवलं. इरेनियस स्वतः रविवारच पाळणारा, तरी त्याने व्हिक्टरला पत्र लिहिलं. त्याचा मुद्दा: वाद फक्त दिवसाचा नाही, उपासाच्या पद्धतीचाही आहे. कुणी एक दिवस करतं, कुणी दोन, कुणी जास्त, कुणी सलग चाळीस तास. हे वेगळेपण आपल्या काळात नाही, आपल्या आधीच्यांच्या काळातच सुरू झालं, आणि तरी ते एकमेकांशी सलोख्याने राहिले. उपासातला फरक हाच श्रद्धा एक असल्याचा पुरावा आहे, असं तो म्हणतो.

पुरावा म्हणून त्याने जुनी गोष्ट सांगितली. साधारण चाळीस वर्षांपूर्वी स्मर्नाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला आला होता. रोमच्या अनिसेटसशी त्याचं याच मुद्द्यावर बोलणं झालं. कुणीच कुणाला पटवू शकलं नाही. मग अनिसेटसने काय केलं, तर मान म्हणून पॉलिकार्पला आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी चालवू दिला, आणि दोघं शांतपणे आपापल्या वाटेने गेले. (इरेनियस या नावाचा अर्थच 'शांतीचा'. युसेबियस हा जुना इतिहासकार ही कोटी केल्याशिवाय पुढे जात नाही.)

चौथ्या शतकात सगळं बदललं. कॉन्स्टँटाइनने छळ थांबवला, चर्च राजमान्य झालं, आणि ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास दिसायला लागला. ३२५ च्या निकिया परिषदेच्या पाचव्या नियमात त्या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो, तोही जाता जाता. चाळीस का, ते उघड आहे: येशूचे रानातले चाळीस दिवस, मोशेचे चाळीस, एलियाचे चाळीस. पण लोकांना तो पटवावा लागला. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस ३४० च्या आसपास रोममध्ये हद्दपारीत होता. तिथून त्याने इजिप्तमधल्या आपल्या माणसाला, सेरापियनला, कळवलं की लोकांना चाळीस दिवस पाळायला सांग, नाहीतर सगळं जग उपास करतंय आणि आपणच इजिप्तवाले जेवतोय म्हणून हसं होईल. म्हणजे कारण काय, तर लोक काय म्हणतील! आपल्या आईवडिलांचं हे वाक्य किती जुनं आहे बघा.

आणि चाळीसचं गणित तर अफाट आहे. रविवारी उपास निषिद्ध, तो पुनरुत्थानाचा दिवस. पूर्वेकडे शनिवारीही नाही, ईस्टरच्या आदला एक शनिवार सोडून. मग रोममध्ये सहा आठवडे गुणिले सहा दिवस बरोबर ३६. कॉन्स्टँटिनोपलकडे सात आठवडे गुणिले पाच, अधिक तो एक शनिवार, पुन्हा ३६. जेरुसलेममध्ये आठ गुणिले पाच अधिक एक, ४१. म्हणायचं सगळ्यांनीच 'चाळीस'. कॅसियन नावाच्या साधूने यावर तोडगा काढला की ३६ बरोबरच आहे, कारण वर्षाचा दहावा हिस्सा देवाला द्यायचा तर ३६५ भागिले १० म्हणजे साडेछत्तीस, आणि तो अर्धा दिवस म्हणजे ईस्टरची रात्र, कोंबडा आरवेपर्यंतची! राउंडिंग एररसुद्धा धर्मात बसवली पठ्ठ्याने. रोमने पुढे कधीतरी सरळ चार दिवस आधी जोडून चाळीस पूर्ण केले. पाश्चात्त्य चर्चमध्ये हा काळ ऍश वेन्सडेला, बुधवारी, सुरू होतो तो त्यामुळे.

पाचव्या शतकातल्या सॉक्रेटिस नावाच्या इतिहासकाराने (हा विषाचा प्याला प्यायलेला नव्हे) या सगळ्याची यादीच दिली आहे. कुठे तीन आठवडे, कुठे सहा, कुठे सात. खाण्यात तर विचारूच नका. कुणी जिवंत प्राण्याचं काहीच खात नाही, कुणाला मासे चालतात, कुणाला मासे आणि पक्षीही, कारण मोशेच्या ग्रंथाप्रमाणे पक्षीही पाण्यातूनच निर्माण झाले. कुणाला अंडी आणि फळं चालत नाहीत, कुणी फक्त कोरडी भाकरी, कुणी तीही नाही. आणि कुणी दुपारी तीनपर्यंत कडकडीत, मग काहीही. शेंगदाणे चालतात पण तूरडाळ का नाही, या प्रश्नावर ज्यांनी घरी वाद घातलाय त्यांना इथे अगदी ओळखीचं वाटेल. सॉक्रेटिसचा निष्कर्ष: यावर लेखी आज्ञा कुणीच दाखवू शकत नाही, म्हणजे प्रेषितांनी हे ज्याच्या त्याच्या मनावर सोडलं असणार.

इथपर्यंत सगळं गमतीचं आहे. पण ३८४ मध्ये रोममध्ये जे झालं ते गमतीचं नाही.

ब्लेसिला ही पाउला नावाच्या अतिश्रीमंत, खानदानी विधवेची मुलगी. लग्न झालं आणि सात महिन्यांत नवरा गेला. मग तिला जोराचा ताप आला, महिनाभर अंथरुणात होती. त्यातून उठल्यावर तिने जेरोमच्या मार्गदर्शनाखाली कडक व्रताचं आयुष्य सुरू केलं. जेरोम म्हणजे ज्याने बायबल लॅटिनमध्ये आणलं तो, प्रचंड विद्वान. रोममधल्या अनेक खानदानी बायकांचा तो गुरू होता, आणि उपासाचं महत्त्व तो त्यांना हिरिरीने लिहून पाठवत असे. ब्लेसिला काही महिन्यांतच गेली. वय साधारण वीस.

अंत्ययात्रेत पाउला बेशुद्ध पडली. गर्दीत कुजबुज सुरू झाली: पोरीला उपासांनी मारलं, या साधूंना शहरातून हाकलत का नाहीत, दगड मारा, नदीत टाका. हे आपल्याला कसं कळतं? तर खुद्द जेरोमनेच पाउलाला लिहिलेल्या सांत्वनाच्या पत्रात ते आहे. त्या पत्रात तो रडतोही, आणि तिला इतका शोक करते म्हणून रागावतोही. आईला. मी ते पत्र भाषांतरात दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा तो राग मला सहन झाला नाही. पुढच्याच वर्षी जेरोमला रोम सोडावं लागलं. कारणं इतरही होती, पण हेही होतंच.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ४०० च्या थोडं पुढे, बेथलेहेममध्ये म्हातारा झालेल्या जेरोमने लेटा नावाच्या बाईला मुलीला कसं वाढवावं यावर एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तो बजावतो की लांबलचक, अतिरेकी उपास मला पसंत नाहीत, विशेषतः कोवळ्या वयात. ही लेटा कोण? ब्लेसिलाच्या भावाची बायको. ज्या छोट्या मुलीबद्दल पत्र होतं ती ब्लेसिलाची भाची. ब्लेसिलाचा उल्लेख त्या ओळीत नाही. असायची गरजही नव्हती, घरात सगळ्यांना माहीत होतं.

उपासाचे खरे पहिलवान म्हणजे इजिप्तच्या वाळवंटातले साधू, ते मात्र याबाबतीत जेरोमपेक्षा सैल होते. कॅसियन तरुणपणी मित्राबरोबर त्यांच्यात राहिला होता, त्याने लिहून ठेवलंय. हे दोघं जातील तिथे यजमान उपास मोडून त्यांच्याबरोबर जेवायचे. एका म्हाताऱ्याला कारण विचारलं तर तो म्हणाला, उपास तर कायम माझ्याजवळच आहे, तुम्ही थोडेच कायम राहणार. दुसऱ्या एकाने कॅसियनला आणखी खा म्हणून आग्रह केला. कॅसियन म्हणाला, आता शक्य नाही. म्हातारा म्हणाला, आज वेगवेगळ्या पाहुण्यांसाठी मी सहाव्यांदा पान वाढतोय, प्रत्येकाबरोबर जेवलोय, आणि तुझं एकदाच जेवून पोट भरलं? जेरुसलेममध्येही असाच सूर होता. ३८० च्या दशकात पश्चिमेकडून आलेली एजेरिया नावाची यात्रेकरू लिहिते की तिथे काही लोक रविवारी जेवले की थेट शनिवारी सकाळीच जेवतात, काही दोन दिवसाआड, काही रोज संध्याकाळी एकदा. जास्त करणाऱ्याचं कौतुक नाही, कमी करणाऱ्याला बोल नाही.

हा सूर टिकला का? ऑगस्टीनची आई मोनिका ३८५ च्या सुमाराला मिलानला आली तेव्हा तिला प्रश्न पडला की शनिवारी उपास करावा का. रोमसारख्या काही ठिकाणी करत, मिलानमध्ये नाही. ऑगस्टीनने तिच्या वतीने बिशप अँब्रोजला विचारलं. अँब्रोज म्हणाला, मी रोमला असतो तेव्हा शनिवारी करतो, इथे असतो तेव्हा नाही. जिथे जाल तिथली रीत पाळा. 'देश तसा वेश' या अर्थाची रोमवाली इंग्रजी म्हण इथूनच आली असं सांगतात. दहा-बारा वर्षांनी रोममधल्या कुणीतरी शनिवारी न उपासणाऱ्यांवर पुस्तकच लिहिलं, आणि तोवर स्वतः बिशप झालेल्या ऑगस्टीनला लांबलचक उत्तर द्यावं लागलं. नव्या करारात उपास करा असं आहे, कुठल्या वारी करा आणि कुठल्या वारी करू नका हे नाही, असं त्याने लिहिलं.

पण शनिवार मिटला नाही. ८६७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या फोटियसने रोमच्या मिशनऱ्यांवर आरोपांची यादी काढली, तिची सुरुवातच शनिवारच्या उपासाने होते. १०५३ मध्ये पूर्वेकडून आलेल्या पत्रात बिनखमिराच्या भाकरीबरोबर पुन्हा तोच शनिवार, आणि १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यातल्या फुटीवर शिक्का बसला. फुटीची कारणं मोठी होती, सत्तेची होती, पण कागदावर शनिवार आहे.

डिडाखेतले बुधवार-शुक्रवार मात्र अजून जिवंत आहेत. इथिओपियात आणि केरळच्या ऑर्थोडॉक्स मंडळींत ते दोन्ही वार पाळतात. पश्चिमेत बुधवार गळून पडला आणि शुक्रवार उरला, आपल्या वसईच्या कॅथलिक घरांत ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी मटण-चिकन आणत नाहीत तो हाच. आयर्लंडमध्ये तर ते वारांच्या नावातच मुरलेत. आयरिश भाषेत बुधवारला 'केडीन' म्हणतात, म्हणजे पहिला उपास. शुक्रवार 'ईन्या', म्हणजे नुसताच उपास. आणि मधल्या गुरुवारचं नाव 'जेरडीन', म्हणजे दोन उपासांमधला दिवस.